टावर तं फुल्ल हाय, मंग नेट काऊन नाही चालत?

सेवा केंद्राच्या ओट्यावर हा प्रश्न रोज कोणी ना कोणी विचारतं. केवायसी करायला आलेला कास्तकार असतो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आलेली पोरगी असते, पीकविम्याची पावती काढायला आलेले बुवा असतात. मोबाईलच्या कोपऱ्यात चारही दांड्या उभ्या, आणि पडद्यावरचं चाक फिरतं ते फिरतंच. आतून आवाज येतो, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." माणूस आला तसा उन्हातून परत जातो. मजुरी बुडते, गाडीभाडं जातं, आणि नेमकं काय बंद होतं हे त्याला कोणी सांगत नाही.

प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर आहे. ते उत्तर शोधता शोधता इंटरनेट म्हणजे काय, ते कुठून आलं आणि आपल्या गावापर्यंत येता येता कुठे अडलं, हेही कळतं.

त्या दांड्या एकच गोष्ट सांगतात. तुमचा फोन आणि जवळचा टॉवर यांच्यातल्या रेडिओ लहरी किती जोरकस आहेत, एवढंच. टॉवरच्या पलीकडे काय चाललंय याच्याशी त्यांचा संबंध नाही. टॉवरपासून पुढे जाणारी तार रस्त्याच्या खोदकामात तुटली असेल, आठवडी बाजाराच्या दिवशी त्या एका टॉवरवर आठ-दहा गावांची माणसं एकदम आली असतील, किंवा ज्या कॉम्प्युटरकडून उत्तर यायचं (त्याला सर्व्हर म्हणतात) तोच बंद असेल, तरी दांड्या चारच्या चार दिसतात.

आपण म्हणतो नेट हवेतून येतं. हवेतून येतो तो फक्त फोन आणि टॉवरमधला टप्पा, फार तर काही किलोमीटरचा. गावाकडच्या बऱ्याच टॉवरवर एक गोल पांढरा डबा दिसतो. तो समोरच्या दुसऱ्या टॉवरकडे तोंड करून असतो आणि सगळ्या फोनचा मजकूर रेडिओ लहरींनीच तिकडे ढकलतो. हे फार तर एक-दोन मुक्काम चालतं. मग कुठेतरी, तालुक्याच्या आसपास, जमिनीखालची काचेची तार सुरू होते. तिला ऑप्टिकल फायबर म्हणतात. काच केसाएवढी बारीक, आणि तिच्यातून प्रकाश लुकलुकत जातो. अशा काचेतून लांबवर संदेश पाठवता येईल, हे चार्ल्स काव यांनी १९६६ साली दाखवून दिलं. त्यासाठी त्यांना २००९ चं नोबेल मिळालं.

काचेतला प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. यवतमाळहून मुंबईपर्यंतची तार ७०० किलोमीटरची धरली, तर तुमच्या फोनवरचं बोट मुंबईच्या कॉम्प्युटरला सेकंदाच्या तीनशेव्या भागात कळलं पाहिजे. म्हणजे अंतर ही अडचण नाहीच. गडचिरोलीचं टोक असो की मेळघाटातली धारणी, तार नीट असेल तर मुंबई जवळच आहे. पुढे मुंबईतल्या वर्सोव्यासारख्या किनाऱ्यावरून हीच काच समुद्रात उतरते आणि अरबी समुद्राच्या तळावरून अरबस्तान, आफ्रिका, युरोपपर्यंत जाते. एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणारा जवळपास सगळा मजकूर समुद्राखालूनच जातो.

पुष्कळांना वाटतं हे काम उपग्रह करतो. टीव्हीची छत्री ज्याच्याकडे तोंड करून असते तो उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचावर आहे. प्रश्न वर जाऊन खाली येणार, उत्तरही वर जाऊन खाली येणार, यातच अर्धा सेकंद जातो. शिवाय काचेच्या तारेएवढा मजकूर त्याला पेलत नाही. जीपीएसची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती कास्तकाराने लक्षात ठेवण्याजोगी आहे. जीपीएसला नेट लागतच नाही. उपग्रह वेळेचा संकेत सतत पाठवत असतो आणि फोन तो नुसता ऐकतो. म्हणून ई-पीक पाहणी करताना रेंज नसलेल्या वावरातही फोनला आपण कुठे उभे आहोत ते कळतं. पिकाचा फोटो सरकारी कॉम्प्युटरपर्यंत पोचवायला तेवढं नेट हवं.

तारेने खबर धाडणं वऱ्हाडाला नवं नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्या रिकाम्या पडल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम मोल आलं. १८७० साली जलंब ते खामगाव रेल्वेचा फाटा सुरू झाला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. रेल्वेसोबत तारायंत्र आलं. त्याच वर्षी मुंबईपासून इंग्लंडपर्यंत समुद्राखालची तार जोडली गेली. बोटीने पत्र जायला आठवडे लागत. आता कट्ट-कडकट्ट करत इंग्लंडातल्या लिव्हरपूलचा भाव खामगावच्या बाजारात येऊ लागला. पण तार होती व्यापाऱ्याच्या पेढीजवळ. बंडी घेऊन आलेल्या कास्तकाराकडे नव्हती. कोणाला खबर आधी कळते यावर माल कोणाच्या भावाने जातो हे ठरतं, आणि म्हणूनच हा विषय मला नुसत्या यंत्रांचा वाटत नाही.

तारेतून शब्द जात नाहीत. विजेचा ठोका किंवा प्रकाशाची चमक जाते. ती एक तर असते, नाही तर नसते. 'आहे' म्हणजे १ आणि 'नाही' म्हणजे ०. अशा एका आहे-नाहीला बिट म्हणतात. कोणतीही खबर, मग ती अक्षर असो, आवाज असो वा चित्र, बिटमध्ये मोजता येते हे क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली मांडलं. आजची सगळी दूरसंचाराची विद्या त्या पायावर उभी आहे. आपलंच उदाहरण घेऊ. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. हा आकडा तारेतून ११११११०१०१११० असा जातो. तेरा ठोके, बस. खामगावच्या व्यापाऱ्याला ज्या खबरेसाठी शब्दाशब्दाला पैसे मोजावे लागत, ती आज तेरा बिटमध्ये मावते.

८ बिटची एक बाईट होते. इथे एक घोळ नेहमी होतो, तो सोडवून टाकू. वेग सांगताना कंपन्या बिट मोजतात, आणि फोटो किंवा व्हिडिओ किती मोठा हे सांगताना फोन बाईट मोजतो. २ एमबीचा, म्हणजे २० लाख बाईटचा, सातबाऱ्याचा फोटो म्हणजे १ कोटी ६० लाख बिट. जुन्या टू-जीवर सेकंदाला ४० हजार बिट जात असतील, तर हा फोटो पोचायला साडेसहा मिनिटांहून जास्त लागतील. १० एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १ कोटी बिटच्या, लाईनवर दोन सेकंदही लागत नाहीत. म्हणून '१०० एमबीपीएस' ऐकून सेकंदाला १०० एमबी येतील असं समजू नये, आठाने भागायचं.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. जुन्या टेलिफोनमध्ये तुम्ही नागपूरला फोन लावला की तुमच्यापासून नागपूरपर्यंत एक अख्खी लाईन तुमच्यासाठी अडकून राहायची. तुम्ही गप्प बसलात तरी ती दुसऱ्याला मिळायची नाही. आणि मधे कुठे तुटली तर बोलणं तिथेच संपायचं. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, दुसरी रीत सुचवली. मजकुराचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर कुठून आला, कुठे जायचा आणि कितवा आहे ते लिहा, आणि जी वाट मोकळी दिसेल तिने सोडून द्या.

जिनिंग-प्रेसिंग पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. रुईचा ढीग सुटा पाठवत नाहीत. त्याच्या १७० किलोच्या गाठी बांधतात, प्रत्येक गाठीवर खूण आणि नंबर टाकतात. मग कोणती गाठ कोणत्या ट्रकने आणि कोणत्या रस्त्याने गेली याने बिघडत नाही, कारण पोचल्यावर नंबर लावून मोजता येतात आणि एखादी कमी भरली तर नेमकी कोणती तेही कळतं. इंटरनेटवरच्या अशा गाठीला पॅकेट म्हणतात. एक पॅकेट साधारण १,५०० बाईटचं. आपला तो २ एमबीचा फोटो जवळपास चौदाशे पॅकेट होऊन निघतो.

या रीतीने जोडलेलं पहिलं मोठं जाळं म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने उभं राहिलेलं अर्पानेट. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या कॉम्प्युटरला 'लॉगिन' हा शब्द पाठवायला घेतला. पहिली दोन अक्षरं गेली आणि पलीकडचा कॉम्प्युटर बंद पडला. तासाभराने पुन्हा जोडणी झाली. पुढे अशी वेगवेगळी जाळी निघाली, पण एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये सगळ्यांसाठी एक नियम लिहिला. त्यालाच आज टीसीपी/आयपी म्हणतात. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने जुना नियम सोडून हा घेतला. इंटरनेटचा वाढदिवस म्हणून पुष्कळ जण हीच तारीख धरतात आणि मलाही ती पटते, कारण इंटरनेट म्हणजे एखादं यंत्र नाही आणि एखादी कंपनीही नाही. जगातल्या जाळ्यांनी एकमेकांशी कसं वागायचं याचा तो करार आहे. कोणाचीही परवानगी न घेता, हा करार पाळून, कोणालाही त्यात सामील होता येतं.

करारात दोन गोष्टी आहेत. आयपी म्हणजे पत्ता. जाळ्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा पत्ता असतो. सुरुवातीच्या पद्धतीत सुमारे ४३० कोटी पत्ते मावत होते. २०११ साली त्यांचा मध्यवर्ती साठा संपला आणि आता कितीतरी मोठ्या आकड्यांची नवी पद्धत सोबत चालते. आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून नावं आली. २०१४ पासून तर नावाच्या शेवटी देवनागरीत '.भारत' लावता येतं. दुसरी गोष्ट टीसीपी. ते पोचलेल्या पॅकेटची पोच घेतं आणि हरवलेलं पुन्हा मागवतं. म्हणून लाईन खराब असली तर अर्ज उशिरा जातो, पण अर्धामुर्धा किंवा फाटका जात नाही. व्हॉट्सॲपच्या कॉलमध्ये मात्र हरवलेल्या पॅकेटची वाट पाहत बसलं तर बोलणंच थांबेल, म्हणून ते सोडून पुढे जातात. आवाज तुटक येतो तो त्यामुळे.

आपण ज्याला वेबसाईट म्हणतो ती या सगळ्याच्या वर नंतर चढलेली गोष्ट आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन केंद्रात वेबची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्नने ती सगळ्यांसाठी फुकट खुली केली. हा निर्णय मला या साऱ्या इतिहासातला सर्वात मोठा वाटतो. प्रत्येक पानामागे कोणाला तरी फी द्यावी लागली असती, तर सातबारा मोबाईलवर आला नसता.

आपल्याकडे खेड्यात आधी टेलिफोन यायचा होता. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. सॅम पित्रोदा आणि तिथल्या तरुण इंजिनिअरांनी खेड्यासाठी १२८ लाईनचं छोटं एक्सचेंज बनवलं, ज्याला एसी लागत नव्हता. परदेशी यंत्रं थंड खोलीत ठेवावी लागत. आपल्या उन्हाळ्यात हा फरक केवढा मोठा, ते चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाला सांगायला नको. त्यानंतर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ तालुक्या-तालुक्यात दिसू लागले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेही टेलिफोनच्या तारेवरून. खेड्यापर्यंत ते खऱ्या अर्थाने पोचलं मोबाईलवरून, आणि २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटाचे भाव कोसळले तेव्हा.

मराठीचीही वाट सोपी नव्हती. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याचा नंबर कळतो. आधी प्रत्येक फॉन्टचे नंबर वेगळे होते. त्यामुळे एका ऑफिसात टाईप केलेला ठराव दुसरीकडे उघडला की इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसायचा. युनिकोड या जगभर चालणाऱ्या पद्धतीने जगातल्या लिप्यांना एकेक कायमचा नंबर दिला; आपल्या 'क' चा नंबर २३२५. आता कोणत्याही फोनवर 'क' हा 'क'च दिसतो. या नंबराचा एक परिणाम आजही एसएमएसमध्ये भेटतो. एका एसएमएसला १,१२० बिटची जागा असते. इंग्रजी अक्षर ७ बिटमध्ये मावतं म्हणून १६० अक्षरं बसतात, आणि देवनागरीला १६ बिट लागतात म्हणून ७०च. हा एसएमएस साध्या मोबाईलच्या व्यवस्थेतून येतो, नेटमधून नाही. म्हणून नेट बंद असतानाही ओटीपी येऊ शकतो, आणि ओटीपी आला म्हणजे नेट चालू आहे असं धरून चालत नाही.

आता आपल्या गावाकडे. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार न्यायची, किमान १०० एमबीपीएस द्यायचे, ही योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. राज्यातल्या पुढच्या टप्प्याच्या कामाला महानेट हे नाव आहे. योजना चांगली होती आणि आहे. पण तार टाकताना ती बहुतेक ठिकाणी तालुक्यापासून एका सरळ रेषेत टाकली गेली. तालुका, मग पहिली पंचायत, मग दुसरी, मग तिसरी. रस्ता रुंद करताना जेसीबीचा दात पहिल्या आणि दुसऱ्या गावामध्ये लागला, की पुढची सगळी गावं गेली.

म्हणजे बघा, एक वाट तुटली तर दुसरीने जावं, या कल्पनेतून हे जाळं जन्माला आलं. मुंबईत, पुण्यात, नागपुरातसुद्धा ते तसंच आहे. एक तार तुटली तर लोकांना कळतही नाही. विदर्भातल्या खेड्यापर्यंत येता येता मात्र एकच वाट उरली. पॅकेटवर पत्ता बरोबर असतो, त्याला जायला दुसरा रस्ताच नसतो. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी दर पावसाळ्यात आपण वाचतो. ज्या गावाला दुसरी वाट सगळ्यात जास्त हवी, तिथेच ती सगळ्यात उशिरा पोचते, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. त्यातली मोलाची गोष्ट म्हणजे रिंग. तालुक्यापासून निघालेली तार गावं जोडत जोडत पुन्हा तालुक्याला यायला हवी, म्हणजे एका बाजूने तुटली तर मजकूर उलट्या बाजूने जाईल. घराघरांत फायबरची जोडणी देण्याचंही त्यात आहे.

तोवर, नेट अडलं की कुठे अडलं हे तुम्हाला स्वतः ताडता येतं. व्हॉट्सॲपवर एखाद्याला एक शब्द पाठवा. घड्याळाचं चिन्ह दिसत राहिलं, तर निरोप तुमच्या फोनमधून, टॉवरमधून किंवा त्याच्या पुढच्या तारेतून सुटलेलाच नाही. शेजारच्याचं सिम दुसऱ्या कंपनीचं असेल तर त्याच्या फोनवर करून बघा; त्याचं चाललं, तर अडचण तुमच्या फोनमध्ये किंवा तुमच्या कंपनीच्या टॉवर-लाईनमध्ये आहे. एक टिक आली, तर निरोप व्हॉट्सॲपच्या सर्व्हरपर्यंत पोचला, म्हणजे तुमच्या गावाची वाट मोकळी आहे. दुसरी टिक समोरच्याच्या फोनवर उतरल्यावर येते. एक टिक झटकन येते आणि सरकारी साईटवरचं चाक तरीही फिरतच आहे, असं झालं तर अडचण बहुतेक त्या साईटच्या सर्व्हरकडे आहे. तेव्हा "सर्व्हर डाऊन" हे उत्तर खरं आहे, आणि पहाटे किंवा रात्री, गर्दी कमी असताना, काम होण्याची आशा जास्त. २०२५ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकायचा तर सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली. अशा कामाला शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये, कारण त्या दिवशी सगळ्यांचे फोन एकाच सर्व्हरकडे धावतात.

उलट निरोप घड्याळावरच अडकत असेल आणि हे दर आठवड्याचं झालं असेल, तर विषय ग्रामसभेत न्या. सचिवांना चार गोष्टी विचारा. आपल्या पंचायतीतला भारतनेटचा डबा सुरू आहे का? त्याला वीज कुठून मिळते आणि लाईन गेल्यावर बॅटरी किती वेळ टिकते? त्याच्यावरून शाळेला, अंगणवाडीला आणि उपकेंद्राला जोडणी दिली आहे का? आणि आपलं गाव सरळ रेषेत आहे की रिंगमध्ये? उत्तरं ठरावाच्या वहीत लिहून घ्या, आणि त्याच ठरावाची प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या.